नमुना ब

पाकिटं दोन. लाखेचा शिक्का, वर सुतळी.
अ : पारडी नाक्यावर, कांद्याच्या ट्रकमधून.
ब : मानेवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर
कुणाल नत्थूजी हेडाऊ, वय तेवीस,
याच्या फ्रीजमधून, कोथिंबिरीच्या जुडीमागून.

हवालदार उमाठे कधी खुर्चीत बसत नाहीत.
दारातूनच सांगतात,
"म्याडम, ज्युली दोन्हीपाशी बसली.
म्या बी हुंगून पाह्यलं.
वास तर सेमच हाये. आता अजून काय पाह्यजे?"

मी सही करते. वेळ : अकरा वीस.

हिरव्या गोळ्या, शेळीच्या लेंड्यांएवढ्या.
पोरगा म्हणे घरी बिअर करून पाहत होता,
हॉप्स आहे हो साहेब, हॉप्स, असं सांगत राहिला.
ठाण्यात कुणाला हॉप्स ठाऊक नाही.
मला तरी कुठे? पुस्तकापुरता :
थंड मुलखातला वेल, तारेवर वीस फूट चढणारा,
कागदी शंकूंसारखी फुलं, कडू,
आणि कूळ गांजाचंच.

केसाएवढी नळी, तीस मीटर लांब,
वेटोळं करून भट्टीत ठेवलेली.
त्यातून वाफ निघते शर्यतीला,
हलकं आधी पोचतं, जड रेंगाळत मागून.

पायनिन आलं. रंगाऱ्याच्या टर्पेंटाइनचं चुलत भावंड.
मग मिर्सीन, उंच, धिप्पाड,
जे खिडकीबाहेर मोहरलेल्या आंब्यातही आहे आत्ता.
लिमोनीन अगदी बुटकं. मी माझी नखं हुंगते,
सकाळी संत्रा सोलला होता, हातमोजे घालायच्या आधी.
कॅरिओफिलिन म्हणजे
बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून
इतवारीच्या मसाल्याच्या गल्लीतून जाताना
शिंक यायची ती.
लवंग, काळे मिरे, पोत्यांची धूळ.
त्याला चिकटूनच ह्युम्युलीन.
त्याचा वास मला कधी सांगता आला नाही.

अची रेघ आणि बची रेघ
एकीवर एक ठेवून ट्यूबलाइटकडे धरल्या.
उंची कमी-जास्त, पण टेकड्या त्याच, त्याच जागी,
जशा सेमिनरी हिल्स
फुटाळ्याच्या या काठावरून पाहा की त्या.

म्हणजे उमाठे चुकले नव्हते.
ज्युली तर मुळीच नाही.

एकविसाव्या मिनिटाची वाट पाहायची.
अ : सुळका, कागदाबाहेर गेलेला.
ब : काही नाही.
मे महिन्यातल्या दुपारच्या रस्त्यासारखी
सरळ, रिकामी रेघ.
पुन्हा लावला नमुना. पुन्हा रिकामी.
परीक्षानळीत अ जांभळा झाला,
ब नुसताच मळकट बसून राहिला.

'नमुना ब मध्ये गांजाचे घटक आढळून आले नाहीत.'
एवढं एक वाक्य. पोरगा अकरा दिवस आत आहे.
वासासाठी फॉर्मवर रकाना नाही,
नाहीतर लिहिलं असतं की
बहिणी आहेत, एक दूरदेशी दिलेली,
आडनाव, बोली, स्वभाव सगळं पालटलं,
अंगाला वास माहेरचाच.
कोर्टात असलं चालत नाही.
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि शिक्का मारला.

संध्याकाळी शेअर ऑटोत शेजारी एक म्हातारे,
मांडीवर दुधाची रिकामी कॅन.
त्यांनी एकदा हुंगलं. दुसऱ्यांदा हुंगलं.
माझ्या ओढणीकडे पाहिलं, मग तोंडाकडे,
आणि कॅन घेऊन जरा पलीकडे सरकले.
काय सांगणार होते मी? की मी सरकारी आहे?

पर्समध्ये डब्यातला दुसरा संत्रा होता.
नखानं साल फोडली.
बारीक तुषार उडाला, सगळा ऑटो भरून गेला.

म्हातारे वळले.
"काटोलचा दिसते," म्हणाले.

होता काटोलचाच.